हळदीची कॅसेट

माळ्यावरची मोठी पातेली काढायला सनी शिडीवर चढला, आणि पातेल्यांच्या आधी त्याच्या हाताला लागलं ते पांढऱ्या कापडातलं गाठोडं. तेजस्वीची हळद पाच दिवसांवर आली होती. बनूबाई पडवीत तांदूळ निवडत होती. गाठोडं खाली येण्याआधीच तिला कापडाच्या कडेची विणलेली जाळी दिसली. ती तिनेच विणलेली. सुपातला हात सुपातच राहिला.

"आजी, हे काय धूड आहे? सिलिंडरएवढं जड आहे!"

"हळू!" खुर्चीतून हिरामण ओरडला. एकोणऐंशीचा झाला होता, गुडघे गेले होते, पण आवाज अजून बांधापलीकडे पोचेल असा होता. "सतरा हजारांची वस्तू हाय ती. पाडशील तर बघ."

"याचे सतरा हजार?" सनीने गाठोडं ओटीवर टेकवलं. "आबा, सतरा हजारांत आज भिंतीएवढा टीव्ही येतो."

"आज येतो. शहाऐंशी साली काय यायचं ते विचार तुझ्या आजीला."

आजीला कोणी विचारलं नाही. हिरामण स्वतःच सांगणार हे सगळ्यांना माहीत होतं. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये तो या मशीनसाठी तीन खेपा मारून आला होता. दुकानदाराने पहिल्या खेपेला एकवीस सांगितले, दुसऱ्या खेपेला एकोणीस, आणि तिसऱ्या खेपेला हिरामण चपला घालून उठला तेव्हा सतरा. त्याच पैशात कुळगावात स्टेशनजवळ दोन गुंठे मिळत होते. पण त्याची आई रखमाबाई म्हणाली होती, "जमीन हाय आपल्याकडं. सिनेमा नाय." आता त्या दोन गुंठ्यांवर आठ मजली इमारत उभी होती आणि हिरामण तिच्यावरून गेला की दर वेळी मजले मोजायचा.

"पहिल्या रविवारी अख्खी आळी इथं पडवीत," तो सांगत होता. "पाय ठेवायला जागा नाय. कुळगावातल्या दुसऱ्या व्हीसीआरवाल्याकडं माणशी एक रुपया होता. माझी आय बोलली, आपण रुपया घ्यायचा नाय. माणशी एक गोवरी आणा. एवढ्या लोकांच्या चहाला चूल पेटवायची तर गोवऱ्या कुठून आणायच्या?"

"म्हणजे तिकीट काय, तर शेणाची गोवरी!" सनी हसून हसून शिडीला टेकला. "आबा, हे भारी आहे."

तेजस्वीने कापड सोडलं. चंदेरी रंगाचं मशीन, तोंडाशी गंज धरलेलं. वर एक कॅसेट. तिने ती उचलली, चिठ्ठीवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि वाचलं, "मधू – पद्मजा. हळद. पुसू नये."

हिरामणचं हसू तिथल्या तिथे मावळलं.

"वर ठेव ती," तो म्हणाला.

मधू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. चौदा वर्षांनी धाकटा, म्हणून हिरामणने त्याला खांद्यावर बसवून शाळेत पोचवलेला, शिकवलेला, अंबरनाथच्या कारखान्यात ऑफिसर झाला तेव्हा गावात पेढे वाटलेले. सत्याऐंशीच्या मे महिन्यात त्याचं पद्मजाशी लग्न झालं. व्हिडिओवाल्याने दोन कॅसेट भरल्या, एक लग्नाची, एक हळदीची. हळदीच्या कॅसेटमध्ये रखमाबाईचे धवले होते, हळदीला गायची गाणी. रखमाबाई धवलारीण होती. तिच्या गाण्यावाचून कुळगावात हळद लागत नसे, आणि अंबरनाथपासून लोक तिला न्यायला बैलगाडी पाठवत. नऊ महिन्यांनी ती गेली. तेराव्याला जेवणं झाल्यावर हिरामणने पाहुण्यांना आईचा आवाज ऐकवायचा म्हणून कॅसेट लावली, आणि पडद्यावर आली क्रिकेटची मॅच.

भरलेली कॅसेट कोणी पुसू नये म्हणून तिच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकतात. मग मशीन तिच्यावर काही भरू देत नाही. भरायचंच असेल तर त्या भोकावर काहीतरी चिकटवावं लागतं. हिरामणने कॅसेट बाहेर काढली, तर भोकावर जखमेला लावायची पट्टी नीट कापून चिकटवलेली.

"चुकून झालं बोलतोस," तो भरल्या पडवीत मधूला म्हणाला होता, "मग ही पट्टी काय चालत आली?"

मधू एवढंच म्हणाला होता, "चुकलो दादा." दुसरा शब्द नाही. पुढच्या पौर्णिमेच्या आत तो पद्मजाला घेऊन अंबरनाथला राहायला गेला. त्याला आता अडतीस वर्षं झाली. मधू लग्नाकार्याला यायचा, अक्षता टाकायचा आणि पाणीही न पिता परतायचा. तेजस्वीच्या लग्नाची त्याची पत्रिका अजून कपाटावरच होती. तिचा बाप, म्हणजे हिरामणचा मुलगा सुजित, दोनदा ती खिशात घालून निघाला, आणि दोन्ही वेळा हिरामणने विचारलं, "कुणीकडं?"

"आबा," तेजस्वीने कॅसेट उलटीपालटी केली, "ही तीन तासांची आहे. मॅच संपल्यावर पुढे काय आहे?"

"पुढं काय असायचंय?"

"बघितलं कोणी?"

हिरामणने त्या दिवशी पाचव्या मिनिटाला मशीन बंद केलं होतं, आणि त्यानंतर त्या घरात कोणी ते लावलं नव्हतं.

"म्हणजे पणजीचा आवाज शेवटी थोडा उरलेला असू शकतो!" तेजस्वी उभीच राहिली. "आबा, माझ्या हळदीत तो वाजवायचा. मला डीजे नको, काही नको. हेच माझं मागणं."

हिरामण तिच्या हातातल्या कॅसेटकडे बघत राहिला. मग घसा खाकरून म्हणाला, "टेकचंद असेल अजून. त्याच्या बापाकडूनच घेतला होता हा. उद्या जाऊ."

बनूबाईने सूप उचललं आणि आत गेली. निवडलेले आणि न निवडलेले तांदूळ तिने एकाच डब्यात ओतले, आणि ओतल्यावर तिच्या लक्षात आलं. मॅचनंतर काय आहे ते तिला माहीत होतं. घरात फक्त तिलाच.

*

दुसऱ्या दिवशी गाडी निघताना ती मागच्या सीटवर आधीच बसलेली होती.

"तू कुठं?" हिरामणने विचारलं.

"बांगड्या घ्यायच्यात. उल्हासनगरात स्वस्त मिळतात."

"कासार घरी येणार हाय की परवा."

"त्याच्याकडं माझ्या मापाच्या नसतात."

हिरामण पुढे सनीशेजारी बसला. कॅसेट त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घालून मांडीवर ठेवली होती. अंबरनाथ आलं. ज्या वळणावर मधूच्या घराचा रस्ता फुटतो तिथे तो न चुकता दुसऱ्या बाजूला बघायचा, आजही त्याने तसंच केलं. तेजस्वी फोनवर काहीतरी टाईप करत होती. बनूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. रस्त्यात सांगावं. नको, गाडी चालवताना पोराचं लक्ष जाईल. दुकानात सांगावं. तिथे परका माणूस. अडतीस वर्षं ती अशीच जागा शोधत होती, आणि प्रत्येक जागेत काहीतरी खोट निघत होती.

टेकचंदचं दुकान जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत होतं. बापाच्या वेळी ते मोठं होतं, आता त्याचे तीन भाग होऊन एका भागात मोबाईलची कव्हरं, एका भागात चार्जर, आणि मागच्या खोलीत टेकचंद आणि त्याची जुनी मशीनं.

"अरे, कुळगाववाले! आओ साईं, बसा बसा." त्याने स्टुलं पुढे केली. सत्तरीचा माणूस, कानावर केस, नाकावर दोन चष्मे एकावर एक. "मशीन कुठलं घेतलेलं आपण?"

"सतरा हजारवालं."

"सतरा?" टेकचंदने कपाळावर हात मारला. "बाबांनी सतरात दिलं? माझा बाप तुमच्यावर खूश असणार. आम्ही एकोणीसच्या खाली कोणाला दिलं नाही."

हिरामण खुलला. चाळीसेक वर्षांनी त्याला कोणीतरी पावती दिली होती. "तीन खेपा मारल्या होत्या मी."

"आणा ना ते मशीन. चालू असेल तर पाच हजार मीच देतो."

"आणि बंद असेल तर?" सनीने विचारलं.

"तर भंगारवाला तीनशे देईल. आता ही मशीनं बनत नाहीत बेटा, पण लोकांच्या माळ्यावर कॅसेटी आहेत. कोणाचं लग्न, कोणाचं बारसं. बाप मेला की मुलगा कॅसेट घेऊन येतो. त्याच्याआधी कोणी येत नाही."

त्याने कॅसेट उघडली, उजेडात धरली, टेपवरची बुरशी कापसाने पुसली. मग ती उलटी केली आणि पाठीवरच्या पट्टीवर नख घासलं. "ही काय? डॉक्टरची पट्टी? पक्की बसलीये. आजपर्यंत सुटली नाही."

हिरामणने मान फिरवली.

"मॅच असेल आधी," तेजस्वी म्हणाली. "ती पळवून पुढचं बघता येईल?"

"ना ना. अडतीस वर्षं झोपलेली टेप आहे, तिला एकदम पळायला लावली तर तुटेल. जेवढी मॅच तेवढं बसायचं. चहा मागवतो."

पडद्यावर आधी बर्फासारखे ठिपके आले, मग हिरव्यातून पिवळं झालेलं मैदान. पांढऱ्या कपड्यांतली माणसं. समालोचकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. हिरामण हाताची घडी घालून बसला. मॅच नव्हे, शत्रूच समोर बसलाय असं त्याचं तोंड. पहिल्या पाच मिनिटांपलीकडचा खेळ तो आज पहिल्यांदा बघत होता.

चहा आला. एक तास गेला. सनी बाहेर जाऊन जीन्सचे भाव विचारून आला. हिरामण आणि टेकचंद व्हिडिओ लायब्ररीच्या गोष्टींत रमले, कॅसेटचं भाडं दिवसाला दहा रुपये, अनामत तीनशे, रिवाइंड न करता परत दिली तर दोन रुपये दंड. बनूबाईला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं आणि येत नव्हतंही. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. मॅच किती वेळाची आहे ते तिला मधूने सांगितलं होतं. "एक तास चाळीस मिनिटं भरलीय वहिनी. मग लाईट गेली. शेवटचा एक राहिला. दादा तिथपर्यंत कशाला बघतोय?"

दीड तास झाला तेव्हा बाहेर स्कूटर थांबली, आणि हेल्मेट हातात घेऊन मधू आत आला. पासष्टीचा, पोट सुटलेला, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

हिरामणने आधी त्याला पाहिलं, मग तेजस्वीला. "तू बोलावलंस?"

"मेसेज केला," तेजस्वी म्हणाली. "छोटे आबांची हळद आहे ना ती, त्यांना नको सांगायला?"

मधूने नमस्कार वगैरे काही केला नाही. त्याची नजर सरळ पडद्यावर गेली, मग बनूबाईवर, आणि पुन्हा पडद्यावर. "टेकचंदभाई, बंद करा. नुसती मॅच आहे ती. शेवटपर्यंत. मीच भरलीय, मला माहीत नाही?"

"चालू दे," हिरामण म्हणाला.

"दादा, कशाला त्रास करून घेतोस? पुढे काही नाही."

"पुढं काही नाय तर तू अंबरनाथवरून पळत कशाला आलास?"

मधूने हेल्मेट एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"बोल की. अडतीस वर्षांत माझ्या दारात पाणी प्यायला नाय, आणि आज कॅसेट बंद करायला स्कूटर हाणत आलास." हिरामण गुडघ्यांवर हात रोवून उठला. "आयचा आवाज उरला असेल तो पण ऐकू द्यायचा नाय तुला? एकदा पुसलास, पट्टी लावून पुसलास. आता उरलेला पण?"

"आबा," सनी मध्ये आला, "शांत व्हा ना, बीपी वाढेल."

"तू बस खाली!"

"दादा, बोल मला, काय बोलायचं ते घरी बोल," मधू म्हणाला. "इथे नको." हे म्हणताना तो पुन्हा बनूबाईकडे बघत होता. त्याच्या नजरेत विनवणी होती, वहिनी, तुम्ही गप्प राहा, मी निभावतो. तीच नजर तिने रखमाबाईच्या तेराव्याला पाहिली होती. त्या दिवशी तिने ती झेलली आणि ताटं उचलायला आत निघून गेली. तेव्हा त्याच्या डोक्यावर काळेभोर केस होते.

"मी पुसली," बनूबाई म्हणाली.

हिरामणला ते ऐकू गेलं नाही. तो मधूवर ओरडतच होता.

ती उठली आणि त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "अहो. मी पुसली ती कॅसेट. मधूभावजींनी नाय."

"वहिनी…"

"भावजी, पुरे झालं आता. पट्टी पण मीच लावली."

दुकानात समालोचकाचा आवाज तेवढा राहिला.

"तू?" हिरामण म्हणाला. "तुला मशीन कुठं चालवता येतं?"

"दोन बटणं एकदम दाबायची. भावजींनी दाखवलं होतं." ती एका दमात सांगत होती. "दुपारी टीव्हीवर अक्षरांचा वर्ग लागायचा, मोठ्या माणसांचा. त्या वेळेला मी शेतावर भाकरी घेऊन यायची, तुमच्यासाठी. मग भावजींनी मला एक कोरी कॅसेट दिली. बोलले, जाताना बटणं दाबून जा, सकाळी सगळे बाहेर गेले की बघा. वरून दुसरी कॅसेट माझी. मला वाचता येत नव्हतं, म्हणून जागेवरून ओळखायची. दसऱ्याच्या आधी सासूबाईंनी कपाट झाडलं आणि कॅसेटी पुन्हा लावताना खालची वर आली. मी वरून दुसरी उचलली."

"आणि भोक?"

"मशीन ती कॅसेट बाहेर टाकायला लागलं. मला वाटलं, बिघडली. भावजी जुन्या कॅसेटींना काहीतरी चिकटवायचे ते बघितलं होतं. म्हणून मी पण चिकटवलं." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चार दुपारी चार धडे भरले तिच्यावर. चौथ्यानंतर कॅसेट बाहेर काढली आणि सहज नजर चिठ्ठीवर गेली. पहिलं अक्षर म, मग ध, त्याला खाली मोठा उकार. मधू. कोणी न सांगता वाचलं मी! एवढा आनंद झाला, वाटलं ओरडावं. मग पुढचं वाचलं. पद्मजा. ते जोडाक्षर नीट लागलं नाही, पण कळलं. मग हळद. मग पुसू नये."

तेजस्वीने तोंडावर हात ठेवला.

"वहिनी ओटीवर रडत बसल्या होत्या," मधू खाली बघून म्हणाला. "मी विचारलं, तर वहिनींनी कॅसेट पुढे केली. मी म्हटलं, माझंच लग्न ना, मग मीच पुसलं म्हणून सांगतो. दादा चार दिवस शिव्या देईल आणि विसरेल. धडे दिसू नयेत म्हणून वर मॅच भरली. तेव्हा आई चालतीबोलती होती दादा. तिचा आवाज रोज घरात होता. तो कॅसेटमध्ये आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"आणि तेराव्याला?" हिरामणचा आवाज अगदी खाली आला होता. "तेराव्याला का नाय बोललास?"

"तेराव्याला वहिनींचं नाव घेऊ? भरल्या पडवीत, सगळ्या सोयऱ्यांसमोर? तू त्या वेळी त्यांना घरात ठेवलं असतंस?"

हिरामण स्टुलावर बसला, आणि बसताना त्याचा हात आधारासाठी हवेत चाचपडला. सनीने तो धरला.

"पद्मजाला?" त्याने विचारलं.

"तिला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तीच म्हणाली, वहिनींना पुस्तकं पाठवत जाऊ या."

बनूबाईला दर दिवाळीची फराळाची पिशवी आठवली. चकल्यांच्या डब्याखाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक असायचं, पहिल्या वर्षी दुसरीचं, मग तिसरीचं, मग गोष्टींची. घरात सगळ्यांना वाटायचं, सुजितच्या शाळेमुळे त्याची आई वाचायला शिकली.

"म्हणजे तिघांना माहीत," हिरामण म्हणाला. "एक मीच…" तो बनूबाईकडे वळला. "रोज ताट वाढत होतीस मला. अडतीस वर्षं. एक दिवस सांगावंसं नाय वाटलं?"

"रोज वाटलं."

"मग?"

"पहिल्या दिवशी नाय सांगितलं. मग दुसऱ्या दिवशी, पहिल्या दिवशी का नाय सांगितलं ते पण सांगावं लागलं असतं."

पडद्यावर कोणीतरी बाद झालं, गर्दीचा गलका झाला आणि मध्येच तुटला. ठिपके आले. मग एक काळा फळा, आणि निळ्या साडीतली एक बाई. तिने खडूने फळ्यावर एक शब्द लिहिला, मागे वळली आणि हसून म्हणाली, "आता आपण सगळे मिळून वाचू."

बाई एकेका अक्षराखाली बोट ठेवत होती. बनूबाईला तो धडा अजून पाठ होता. बाई पुढे काय म्हणणार, कुठे थांबणार, केव्हा खडू मोडणार, सगळं. खडू मोडला. टेकचंदने दोन्ही चष्मे काढून पुसले आणि उगाचच एक तार हलवून बघितली.

धडा संपला, आणि न ठिपके, न काही, एकदम आवाज आला.

तो आधी बनूबाईने ओळखला, मग मधूने. हिरामण मात्र तसाच बसून राहिला, जणू काही ऐकूच आलं नाही. रखमाबाई गात होती. दिसत नव्हती, कॅमेरा मांडवातल्या माणसांवर फिरत होता. जुन्या दगडी जात्यासारखा तिचा आवाज, घासत जाणारा, मध्ये दम न घेणारा. पाटावर पंचा गुंडाळलेला मधू, काटकुळा, लाजून लाल झालेला. त्याच्यापुढे हिरामण, चाळिशीतला, काळ्या मिशीचा, दोन्ही हातांनी भावाच्या तोंडाला हळद फासतोय, डोळ्यांत, कानांत, आणि खदाखदा हसतोय. मग कॅमेरा वळला आणि रखमाबाई दिसली. गाता गाता ती मध्येच थांबली, कॅमेऱ्याच्या पलीकडे बघत म्हणाली, "बनू, दिव्यात तेल घाल गं," आणि जिथे थांबली होती तिथूनच पुढे गायला लागली.

चार मिनिटं. मग पडदा निळा झाला.

तेजस्वी रडत होती. सनीने हळूच विचारलं, "हे सेव्ह झालं ना अंकल?" टेकचंदने मान डोलावली. पैसे घ्यायचे का नाही या विचारात तो हात चोळत उभा होता. शेवटी म्हणाला, "कॅसेट पण देतो परत. टाकू नका."

हिरामणने कॅसेट घेतली. मग त्याने मधूकडे पाहिलं.

"पद्मजा घरी हाय का?"

"आहे."

"मग तू पुढं हो. सनी, गाडीत पत्रिका हाय?"

"वीसेक आहेत आबा."

"असं दुकानात नाय आमंत्रण देत," हिरामण मधूला म्हणाला. "येतो आम्ही मागून. तिला बोल, चहा नको. जेवायला थांबतो."

मधूने हेल्मेट डोक्यावर चढवलं. त्याच्या पट्ट्याशी तो उगाचच खूप वेळ खटपट करत राहिला.

*

गाडीत या वेळी हिरामण मागे बसला, बनूबाईशेजारी. तिला वाटलं, आता बोलेल. जीन्सची गल्ली गेली, मोठा रस्ता आला. तिने पिशवीतली कुंकवाची डबी उघडून पाहिली, बंद केली, पुन्हा उघडली. बांगड्या घ्यायच्या राहिल्या होत्या आणि कोणी त्यांचं नावही काढलं नव्हतं.

हिरामणने कॅसेट उलटी केली आणि पट्टीच्या कोपऱ्यात नख घातलं. ती सुटेना. त्याने जपून, जखमेवरची काढावी तशी, एका बाजूने सोलत आणली. खाली चौकोनी भोक उघडं पडलं. पट्टी त्याच्या अंगठ्याला चिकटून राहिली. आतली बाजू अजून पांढरी होती.

"त्या साली तुझं बोट कापलं होतं," तो म्हणाला. "भाताच्या कापणीला. विळ्यानं."

"हो."

"डॉक्टरकडून पट्टीची गुंडाळी मीच आणली होती. बांधली पण मीच."

"हो."

"घरात दुसऱ्या कुणाकडं पट्टी नव्हतीच." त्याने अंगठा वर धरून पट्टीकडे पाहिलं. "मग तेराव्याला ही हातात घेतली तेव्हा मला कसं कळलं नाय?"

बनूबाईने डबी बंद केली. पुढे अंबरनाथचं वळण दिसायला लागलं होतं.

"तुम्ही भावजींच्या तोंडाकडं बघत होता," ती म्हणाली. "माझ्या हाताकडं बघितलंच नाय."

सनीने गाडी वळवली. हिरामणने या वेळी मान फिरवली नाही. त्याने तिचा डावा हात ओढून मांडीवर घेतला, आणि त्या बोटावरचा व्रण कुठे आहे ते चाचपून शोधू लागला.